घड्याळ कोणाचे? डेटाबेसने आपले वेळापत्रक स्वतःकडे घेतले त्याचा इतिहास

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुणे रस्ता येऊन मिळतो. सिंहस्थात या चौकावर येणारा ताण नाशिककरांना सांगावा लागत नाही. त्या पर्वाचा काळ मात्र कोणतीही कचेरी ठरवत नाही. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ, हा नियम पंचांगाच्या गणितातच आहे. बारा वर्षे हे ढोबळ अंतर. गुरूची प्रदक्षिणा सुमारे ११.८६ वर्षांची असल्याने ते क्वचित अकरावरही येते.

संगणकातील नित्यकर्मांची व्यवस्था आरंभी याच्या उलट होती. १९७९ मधील युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘क्रॉन’ होता. दर मिनिटाला जागा होऊन तो एका फाइलीतील यादी पाहत असे व वेळ झालेली आज्ञा सोडत असे. घटिकापात्राशी बसलेला सेवकच म्हणावा: तास ठोकणे त्याचे काम, वाड्यात कोणी आहे की नाही याची चौकशी त्याने करायची नाही.

डेटाबेसच्या दृष्टीने यात मोठा धोका होता. माहिती नव्या यंत्रावर हलवली जाई. क्रॉनची यादी जुन्याच यंत्रावर राही. रात्रीची बेरीज, जुन्या नोंदींची सफाई, सारे निमूट थांबे. न चाललेले काम तक्रार करत नाही. शिवाय भाड्याच्या सामायिक सर्व्हरवर अनेकांना क्रॉनपर्यंत पोहोचण्याचा अधिकारच नसे.

उपाय पंचांगाच्या जातीचा निघाला: नियम माहितीजवळच ठेवायचा. ओरॅकलने नव्वदच्या दशकात कामांची रांग डेटाबेसमध्येच आणली. प्रत्येक कामाच्या नोंदीत पुढची तारीख आणि ती काढण्याचे सूत्र असे. काम आटोपले की पुढची तारीख त्या सूत्रावरून ठरे. मायएसक्यूएलची ‘इव्हेंट’ सुविधा ५.१ या आवृत्तीसह २००८ मध्ये स्थिरावली, पण वेळापत्रक चालवणारा घटक मुळात बंदच ठेवलेला असे. तो आपोआप चालू मिळू लागला आठव्या आवृत्तीत. पोस्टग्रेससाठी २०१६ मध्ये सायटस डेटाने ‘पीजी-क्रॉन’ दिले. गंमत अशी की क्रॉनपासून सुटका करणाऱ्या या साधनाने वेळ लिहिण्याची पद्धत क्रॉनचीच उचलली: मिनिट, तास, दिनांक, महिना, वार.

हे स्वातंत्र्य अर्धेच, हेही नोंदवले पाहिजे. मायएसक्यूएलचा नेहमीचा ‘मायएसक्यूएलडंप’ स्पष्ट सांगितल्याशिवाय इव्हेंट सोबत घेत नाही; म्हणजे जुनाच घोटाळा नव्या दाराने आत येतो. प्रतिकृती सर्व्हरवर मूळ सर्व्हरचे इव्हेंट मुद्दाम निष्क्रिय ठेवले जातात, नाहीतर तेच काम दोन्हीकडे होऊन नोंदी दुहेरी पडतील. मूळ सर्व्हर कोसळून प्रतिकृतीने त्याची जागा घेतली, तर ते इव्हेंट कोणीतरी हाताने जागे करावे लागतात.