पदवी नसलेले प्राध्यापक

सरकारी कचेरीत अर्जांची छाननी करताना आमची पहिली नजर जाते ती शैक्षणिक पात्रतेच्या रकान्यावर. तिथे 'टी. वाय. पर्यंत' असे लिहिलेले दिसले की अर्ज बाजूला. माणूस कसा आहे, त्याला काय येते, हे विचारायला कारकुनाला अधिकार नसतो. अशा वेळी साखवाळच्या धर्मानंद कोसंबींची आठवण येते. त्यांच्या अर्जात हा रकाना कोराच राहिला असता!

धर्मानंदांचा जन्म 1876 चा. त्या काळच्या गोव्यात कला शाखेचे कॉलेजच नव्हते. ती सोय 1962 साली, मुक्तीनंतर झाली. गावच्या मराठी शाळेत थोडेफार शिकून ते नारळाची बागायत बघू लागले. 'बालबोध' मासिकात बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्यांना ध्यास लागला. 1899 मध्ये पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश अशी त्यांची वणवण झाली. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, सिलोनात पाली शिकले. या विद्येची किंमत घरच्यांनीही मोजली, हे विसरता येत नाही.

1906 साली ते कलकत्त्याला आले. नॅशनल कॉलेजात आणि पुढे कलकत्ता विद्यापीठात त्यांनी पाली शिकवली. त्यांच्याकडे बी. ए.चा कागद नव्हता, पण पाली जाणणारा माणूस हवा होता आणि आशुतोष मुखर्जींसारख्या कुलगुरूंना तो ओळखता येत होता. विद्यापीठ दरमहा 250 रुपये द्यायला तयार असताना धर्मानंदांनी सयाजीराव गायकवाडांचे 50 रुपये पत्करले, कारण महाराजांची अट महाराष्ट्रात राहून काम करण्याची होती. 1910 मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक वुड्स यांनी त्यांना अमेरिकेला बोलावले. तिथे 'विशुद्धिमार्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम होते. 1912 पासून सहा वर्षे ते पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये पालीचे प्राध्यापक होते.

ही गोष्ट सांगून कॉलेज सोडलेल्या मुलांना 'पदवीचे काय अडते' असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नव्हे. धर्मानंदांना दारे उघडली ती दोन कारणांनी. जे इथे फार थोड्यांना येत होते, ते त्यांनी कित्येक वर्षे उपाशीतापाशी राहून मिळवले होते. आणि समोर बसलेल्या माणसाला विद्या पारखता येत होती, शिवाय नेमणूक करण्याचा अधिकारही त्याच्याच हातात होता. पहिली गोष्ट आजही मुलांच्या हाती आहे. दुसरी मात्र छापील नियमांनी आमच्या कचेऱ्यांतून काढून घेतली. वशिला थांबावा म्हणून ते नियम आले, त्यामुळे त्यांना सरसकट नावे ठेवता येत नाहीत. पण त्याबरोबर पारखही गेली.

आणि धर्मानंदांनीही पदवी कधी तुच्छ मानली नाही. मुलगा दामोदर याला त्यांनी शिकायला अमेरिकेला नेले. 1929 साली तो हार्वर्डचा पदवीधर झाला आणि पुढे गणितज्ञ व इतिहासकार डी. डी. कोसंबी म्हणून जगाला माहीत झाला. बापाने अनवाणी काढलेली वाट मुलाला चपला घालून चालता यावी, एवढेच त्यांना हवे असणार.