फाट्यावरची पाटी

भाऊबीजेला कोणाकोणाला बोलवावे हा प्रश्न आपल्याकडे घरोघर सुटतो, आणि त्यावरून घरोघर रुसवेफुगवेही होतात. समजा, एका घरात असे ठरले: मामा आणि आत्या यांपैकी एकाला तरी बोलवायचेच. मामा आले तर काका नकोत, कारण बांधाचा वाद अजून कोर्टात आहे. आत्यांना बोलावले तर काकांनाही बोलवायला हवे, कारण आत्या त्यांच्याच गाडीतून येणार. आजीने चौथी अट घातली: मामांना बोलवाल तर आत्यांनाही बोलवा, नाहीतर ती वर्षभर बोलायची नाही. थोडा विचार केला तर वाट निघते. मामांना वगळायचे, आत्या आणि काका यांना बोलवायचे. एवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज येतो, "माझा भाऊच येणार नसेल तर मी ओवाळू कोणाला?" मामा हवेतच, ही पाचवी अट. आता कितीही डोके खाजवा, पाचही अटी पाळणारी यादी होऊच शकत नाही.

या घरगुती पेचाला शास्त्रात 'सॅटिस्फायेबिलिटी' असे भारदस्त नाव आहे. अभ्यासक त्याला लाडाने 'सॅट' म्हणतात. आपण अटींच्या मेळाचा प्रश्न म्हणू. काही गोष्टी, प्रत्येकीचे उत्तर होय किंवा नाही. त्यांना एकमेकींशी बांधणाऱ्या काही अटी. सगळ्या अटी एकदम पाळता येतील का? येत असतील तर कशा ते दाखवा, येत नसतील तर तसे खात्रीने सांगा. पाहुणे तीन असले तर याद्या आठच होतात. दहा असले तर १०२४. साठ पाहुणे धरले, आणि एका सेकंदात एक कोटी याद्या तपासणारा कोणी बृहस्पती बसवला, तरी त्याला साडेतीन हजारांहून अधिक वर्षे लागतील. तोवर कोणती भाऊबीज आणि कोणाचे ओवाळणे! आम्हां मास्तरांना हा अनुभव जूनमध्ये येतो. गणिताचे गुरुजी एक, वर्ग पाच आणि तास ठरलेले, असे वेळापत्रक मांडायला बसले की दुपारची संध्याकाळ होते.

होय-नाहीचे हे बीजगणित जॉर्ज बूल या इंग्रज शिक्षकाने मांडले. त्याचा मुख्य ग्रंथ १८५४ सालचा. (ज्यांच्या नावाने हिमालयाचे शिखर ओळखले जाते ते जॉर्ज एव्हरेस्ट म्हणजे याच्या पत्नीचे काका. हिंदुस्थानची मोजणी करणारा काका आणि विचारांची मोजणी करणारा जावई, अशी ती सोयरीक होती.) पुढे १९३७ साली क्लॉड शॅनन नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवले की, विजेची बटणे जोडलेली मंडले हेच बीजगणित पाळतात. संगणकाच्या पोटात जे चालते ते अखेर लक्षावधी होय-नाहींचे एकमेकांना बांधलेले जाळे आहे. म्हणून अटींचा मेळ हा प्रश्न पंडितांच्या ओसरीवरून कारखान्यात आला.

तो सोडवण्याची जुनी रीत मार्टिन डेव्हिस आणि हिलरी पटनम यांनी १९६० साली सुरू केली, आणि १९६२ साली डेव्हिस, लॉगमन व लव्हलँड यांनी तिला आजचे रूप दिले. ती समजायला आमच्या वाटूरच्या फाट्यावर उभे राहिले तरी पुरे. जालन्याकडून आलात, एक वाट मंठ्याकडे, दुसरी परतूरकडे. कोणतीतरी एक धरा. पुढे आणखी फाटे लागतील, तेथेही एकेक धरा. वाट बंद झाली की शेवटच्या फाट्यावर परत या आणि दुसरी धरा. रीत सरळ आहे. फक्त फाटे वाढले की पाय तुटतात.

१९७१ साली टोरोंटोच्या स्टीफन कुक यांनी एक विलक्षण गोष्ट सिद्ध केली. सोव्हिएत रशियात लिओनिद लेव्हिन यांनी स्वतंत्रपणे तेच गाठले आणि १९७३ साली छापले. उत्तर हाती आल्यावर पडताळायला सोपे, पण शोधायला अवघड, असे जे असंख्य प्रश्न आहेत ते सगळे अटींच्या मेळात रूपांतरित करता येतात. हा एक लवकर सुटला तर ते सगळे सुटतील. १९७२ साली बर्कलीच्या रिचर्ड कार्प यांनी अशाच जातीच्या एकवीस प्रश्नांची यादी दिली. तिच्यात पहिला मान 'सॅट'चा. लवकर सुटण्याची हमी देणारी रीत आहे की नाही, हे आजतागायत कोणाला सिद्ध करता आलेले नाही. २००० साली त्यावर दहा लाख डॉलरांचे बक्षीस लागले, ते तसेच पडून आहे.

या कार्पांच्या हाताखाली एक मराठी विद्यार्थी होता. नरेंद्र करमरकर, ग्वाल्हेरच्या मराठी घरातले, पवईच्या आयआयटीतून १९७८ साली बाहेर पडलेले. डॉक्टरेट झाल्यावर ते अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेले आणि १९८४ साली त्यांनी 'लिनिअर प्रोग्रॅमिंग' या प्रश्नाची नवी रीत दिली. कोणत्या कारखान्यात किती माल काढावा, कोणते विमान कोठे धाडावे, असे हिशेब यात येतात. पण येथे उत्तर होय-नाहीत नसते, अपूर्णांकही चालतो. जॉर्ज डँट्झिग यांची १९४७ सालची रीत अनेक पैलूंच्या स्फटिकासारख्या आकृतीच्या कडेकडेने, एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर चालत जाई. करमरकरांनी कडा सोडल्या आणि आकृतीच्या पोटातून वाट काढली. बांधाबांधाने न जाता शेतातून तिरके जावे, तसे. १९ नोव्हेंबर १९८४ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही बातमी पहिल्या पानावर छापली.

मग वाद माजला. कंपनीने या रीतीचे पेटंट मागितले, १९८८ साली ते मिळाले, आणि ती रीत वापरणारे यंत्र ८९ लाख डॉलरांना विकायला काढले. गणितावर मालकी कसली, असे पुष्कळांनी विचारले. माझेही मन त्यांच्याच बाजूला झुकते. शिवाय १९८६ साली काही गणितज्ञांनी दाखवून दिले की, साठच्या दशकातील एका विसरलेल्या पद्धतीशी हिचे जवळचे नाते आहे. नाते असेल, पण ती जुनी पद्धत अडगळीत पडली होती, आणि तिच्यावरची धूळ झटकली गेली ती करमरकरांमुळे, हेही तितकेच खरे.

एवढी कथा आपल्याकडे अधूनमधून छापून येते. तिचा पुढचा भाग मात्र क्वचित कोणी सांगतो. १९९० साली अनिल कामत, करमरकर, रामकृष्णन आणि मॉरिसिओ रेसेंडे या चौघांनी हीच पोटातून जाण्याची युक्ती अटींच्या मेळावर चालवून पाहिली. होय आणि नाही यांच्यामध्ये जणू थोडेसे होय, बरेचसे नाही, अशी मधली जागा आहे असे धरायचे, त्या जागेतून सरकत जायचे आणि शेवटी एखाद्या कोपऱ्यावर पोचायचे. हजारापर्यंत गोष्टी आणि ३२,००० पर्यंत अटी असलेली, यदृच्छेने बनवलेली शेकडो कोडी त्यांनी सोडवली. साठ पाहुण्यांचा आपला बृहस्पती आठवा, म्हणजे या आकड्यांचे वजन कळेल.

आणि तरीही आज जगभर चालणारे 'सॅट'चे प्रोग्रॅम बहुतांशी त्या वाटेने गेलेले नाहीत. आपल्या माणसाचे कौतुक करताना हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पोटातून जाणारा प्रवासी उत्तर असेल तर ते गाठू शकतो; पण रिकाम्या हाताने परतला तर उत्तर नव्हतेच की त्याला सापडले नाही, हे सांगता येत नाही. कारखान्यांना तर नेमके ते 'नाहीच' हवे होते.

त्याचे कारण १९९४ साली जगजाहीर झाले. इंटेल कंपनीच्या पेंटियम चिपमध्ये भागाकाराची चूक निघाली, आणि चिपा बदलून देण्यापायी कंपनीने ४७ कोटी ५० लाख डॉलरांचा भुर्दंड सोसला. अशी चिप विकण्यापूर्वी विचारायचे असते: हिचे उत्तर चुकेल अशी एक तरी परिस्थिती आहे काय? हा प्रश्न अटींत मांडायचा, आणि मेळ बसत नाही असे सिद्ध झाले की पेढे वाटायचे. भाऊबीजेच्या घरी जी आपत्ती, ती येथे इष्टापत्ती. रेल्वेचेही तसेच. परतूरच्या स्टेशनात काय किंवा स्टॉकहोमच्या काय, एका रुळावर समोरासमोर दोन गाड्यांना सिग्नल मिळेल अशी वेळ कधीच येऊ नये. स्वीडनमध्ये गुनार स्टोलमार्क यांच्या रीतीने सिग्नलांची अशी तपासणी नव्वदच्या दशकात होऊ लागली.

'नाहीच' हे सांगू शकणारी रीत म्हणजे १९६२ सालची फाट्यांची रीत. १९९६ साली मिशिगनमध्ये मार्केस-सिल्वा आणि सकल्ला यांनी तिच्यात एक सुधारणा केली. वाट बंद झाली की नुसते परत फिरायचे नाही. ती का बंद झाली याचे कारण शोधायचे, आणि ते नवी अट म्हणून लिहून ठेवायचे. फाट्यावर पाटी लावायची: 'मंठ्याकडून वळून नदीपाशी येणाऱ्याला पुढे पूल नाही.' मग त्या चुकीच्या वाटेने पुन्हा कोणाला जावे लागत नाही. इतकेच नव्हे, तर कधी पाठोपाठचे दहा फाटे ओलांडून एकदम मागे येता येते. २००१ साली प्रिन्स्टनमध्ये शरद मलिक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 'चॅफ' हा प्रोग्रॅम केला. कोणती पाटी केव्हा वाचायची आणि कोणत्या फाट्याचा विचार आधी करायचा, एवढा साधा हिशेब त्यांनी नीट बसवला आणि वेग कित्येक पटींनी वाढला. त्यानंतर लाखो गोष्टींची कोडीही सुटू लागली. सगळी मात्र नाहीत. मुद्दाम रचलेली लहान कोडी आजही या प्रोग्रॅमांना घाम फोडतात. व्यवहारातील कोडी इतकी का नमतात, याचे पुरते समाधानकारक उत्तर शास्त्राजवळ नाही.

महाराष्ट्रात हा धागा तुटलेला नाही. पुण्यात टाटांनी १९८१ साली काढलेल्या संशोधन केंद्रात संगणकाचे प्रोग्रॅम तपासण्याची साधने तयार होतात. पवईला सुप्रतीक चक्रवर्ती यांनी वेगळाच प्रश्न हाती घेतला: मेळ बसतो का, एवढेच नव्हे, तर किती प्रकारे बसतो? आपल्या भाऊबीजेत पहिल्या तीन अटींना दोन याद्या चालत होत्या, आजीच्या अटीनंतर एकच उरली. मोठ्या कोड्यात असे मोजत बसणे अशक्य. २०१३ साली त्यांनी, त्यांचे विद्यार्थी कुलदीप मील यांनी आणि अमेरिकेतील मोशे वार्डी यांनी एक अदमासाची रीत दिली. खळ्यावरची रास पोतेपोते मोजण्याऐवजी तिचे साधारण सारखे लहान ढीग करायचे, एक ढीग नीट मोजायचा आणि ढिगांच्या संख्येने गुणायचे. ढीग पाडायला फावडे नसते. यदृच्छेने निवडलेल्या आणखी काही अटीच घालायच्या. अशी प्रत्येक अट रास अदमासे निम्मी करते. उरलेला ढीग मोजायला मग पुन्हा तोच फाट्यांवर पाट्या लावणारा प्रोग्रॅम बसवतात.