फटफटीची शिलेदारी

शिवकालीन घोडदळांत दोन प्रकारचे स्वार असत, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. ज्याला घोडा व हत्यार सरकारांतून मिळे तो बारगीर. जो आपला घोडा व आपलें हत्यार घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. सभासदानें आपल्या बखरींत पागेची जी व्यवस्था सांगितली आहे, तींत पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद नेमलेला दिसतो. म्हणजे बारगिराच्या घोड्याला पाणी कोणी पाजावें आणि नाल कोणी ठोकावा, हें सरकारनें ठरवून दिलेलें होतें. शिलेदाराचा घोडा ही मात्र त्याची घरची दौलत. तो लंगडला कीं धन्याची चाकरीही लंगडली. तेव्हां घोड्याचा खूर आणि पाठ पारखण्याची विद्या त्याच्या अंगीं येणें ओघानेंच आलें.

रायगडाच्या पायथ्याशीं पाचाड गांवीं जिजाबाईंचा वाडा व समाधि आहे. ज्या वाटेनें गडाकडे घोडीं येत, त्या वाटेनें आज मोटारसायकली येतात. महाडचा बाजार येथून सुमारें २५ किलोमीटर. रस्ता चढउताराचा आणि पाऊस कोकणचा. अशा गांवीं आडवेळीं गाडी बंद पडली म्हणजे तिचा पहिला वैद्य तिचा धनीच. म्हणून आमच्या मनांत प्रश्न येतो तो असा: हा फटफटीचा धनी शिलेदार म्हणावा कीं बारगीर? गेल्या साठ-पासष्ट वर्षांचा इतिहास पाहिला, तर या प्रश्नाचें उत्तर बदलत गेलेलें दिसतें.

स्वातंत्र्यानंतर १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्ड आणि १९६१ सालीं म्हैसुरास जावा या गाड्या तयार होऊं लागल्या. महाराष्ट्रांत बजाज कंपनीनें इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पा स्कूटर काढली, आणि तो करार संपल्यावर १९७२ सालीं ‘चेतक’ बाजारांत आणिली. स्कूटर ही फटफटीची धाकटी बहीणच. आणि राणा प्रतापाच्या घोड्याचें नांव तिला दिलें गेलें, हें आमच्या विषयास फारच सोयीचें झालें. नांव नोंदवून कित्येक वर्षें वाट पाहिल्यावर गाडी हातीं येई. इतक्या नवसानें आलेली वस्तु मोडली तर दुसरी मिळणें नाहीं, हें जाणून मध्यमवर्गीय गृहस्थानें पाना हातीं घेतला.

तें यंत्रही त्याला हात घालूं देण्याइतकें सोपें होतें. टू-स्ट्रोक इंजिनांत पेट्रोलाबरोबर ऑइल मिसळावें लागे. गाडीच्या जातीप्रमाणें लिटरमागें साधारण २० ते ४० मिलिलिटर. तें कमी पडलें तर पिस्टन घांसून जाम होई, अधिक झालें तर धूर आणि काजळी. ही काजळी प्लगवर व सायलेन्सरांत सांचे. मग रविवारीं सकाळीं अंगणांत वर्तमानपत्र अंथरून, परातींत रॉकेल घेऊन दरबार भरे. आणि ती परात पुन्हां स्वयंपाकघरांत येतां कामा नये, असा घरांतून हुकूम सुटे. प्लग काढून पॉलिश पेपरनें घांसावा, त्याची फट अर्ध्या मिलिमीटरहून किंचित् अधिक ठेवावी, कार्बोरेटरच्या जेटमधील कचरा फुंकरीनें उडवावा. जेटमध्यें तार घालूं नये, हें जाणता मनुष्य मुलांस आवर्जून सांगे. कारण भोंक एकदां मोठें झालें कीं पेट्रोलाचा खर्च कायमचा वाढला. वैद्य जीभ पाहतो तसा प्लग पाहून गाडीची प्रकृति कळे. विटकरी रंग असेल तर निरोगी. काळाकुट्ट असेल तर पेट्रोल किंवा ऑइल अधिक. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडून इंजिन तापत आहे. ही खरी शिलेदारी होय. तिला पदवी लागत नसे. लागे ती नजर आणि सवड.

१९८५ सालीं हीरो होंडाची फोर-स्ट्रोक मोटारसायकल आली. पेट्रोलांत ऑइल मिसळणें संपलें, धूर कमी झाला, आणि पेट्रोलाच्या खर्चांत मोठी बचत झाली. पेट्रोल भरा, झांकण लावा आणि विसरून जा, असा तिच्या जाहिरातीचा मंत्र होता. त्यांतील ‘विसरून जा’ हे शब्द आम्हांस विचार करण्याजोगे वाटतात. पुढें धुराचे नियम कडक होत गेले, आणि १ एप्रिल २०२० पासून बी. एस. ६ हा दंडक लागू झाल्यावर नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ नाहींसा झाला. आतां पेट्रोल किती सोडावें हें एक विद्युत्-मेंदू ठरवितो. बिघडल्यास तो दिवा लावितो, आणि त्या दिव्याचा अर्थ सांगणारें उपकरण कारखान्यांत असतें. पखालजी व नालबंद परत आले, आणि धनी बारगीर झाला.

यांत सर्वस्वी तोटाच झाला असें म्हणणें अन्यायाचें होईल. शिवाजी महाराजांनींही पागेवर अधिक भिस्त ठेविली होती आणि शिलेदारांस पागेच्या हुकमतींत बांधलें होतें. कारण हरएकाच्या मर्जीवर सोडलेली व्यवस्था सारखी राहत नाहीं. जुन्या स्कूटरचा निळा धूर पुन्हां यावा, असें कोणीही शहाणा म्हणणार नाहीं. परंतु नालबंद सरकारी असला, तरी घोडा लंगडूं लागला हें पहिल्यानें कळतें तें स्वारालाच. तें कळण्याची शक्तिच जर त्यानें गमावली, तर नालबंद काय करणार?

पाचाडहून महाडकडे उतरतांना याचा प्रत्यय येतो. लांब उतारावर सगळी भिस्त ब्रेकवर. मागच्या चाकाच्या ब्रेकपाशीं झीज दाखविणारी खूण बहुतेक गाड्यांना असते. पायानें ब्रेक दाबून ती पाहण्यास अर्धें मिनिटही लागत नाहीं. सांखळी मधोमध बोटानें हलवून ती दोन-तीन सेंटिमीटर खेळते कीं नाहीं हें पाहावें. ओढतांना चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्या, नाहीं तर चाक तिरपें बसतें. या कामांत मेंदूचा दिवा लागत नाहीं; तीं आजही धन्याचींच आहेत.

२२ जुलै २०२१ रोजीं सावित्री व गांधारी नद्यांच्या पुरानें महाड शहर बुडालें. अशा पुरांतून निघालेल्या गाडीवर घरधन्याची पहिली हालचाल काय होते, यावर तिचें जीवित अवलंबून असतें. उतावळेपणानें किक मारली किंवा बटण दाबलें, तर सिलिंडरांतलें पाणी दाबलें जात नाहीं आणि आंतला कनेक्टिंग रॉड वांकतो; इंजिन उघडल्यावांचून मग गत्यंतर नाहीं. उलट, बॅटरीची तार सोडवून, प्लग काढून, मग किक मारून पाणी बाहेर काढलें, एअर फिल्टर वाळविला, आणि दुधाळ झालेलें ऑइल बदललें, तर तीच गाडी बहुधा वांचते. एवढें ज्ञान असण्यास कार्बोरेटर लागत नाहीं. वीज गेलेली, रस्ते तुटलेले, दुकानें चिखलांत. अशा वेळीं कारखान्यांतील उपकरणाचा उपयोग तो काय?

सभासदानें आणखी एक गोष्ट सांगितली आहे. पावसाळ्यांत लष्कर छावणीस येई, आणि तेथें घोड्यांसाठीं दाणा, औषधें व शाकारलेलीं घरें आधींच तयार असत. दसऱ्यास फौज बाहेर पडे. आमच्या घरोघरीं दसऱ्यास गाडी धुऊन तिला झेंडूची माळ घालतात, ती त्याच जुन्या चालीची आठवण होय. ती चाल चांगलीच आहे. माळ घालण्यापूर्वीं सांखळी पुसून तेल द्यावें आणि ब्रेकची खूण पाहावी, म्हणजे पूजा पुरी झाली, असें आम्ही समजतों.