डोकें खालीं, कंबर वर

रुग्णाचें डोकें खालीं व कंबर वर ठेवून ओटीपोटाची शस्त्रक्रिया करण्याची पद्धत जर्मन शस्त्रवैद्य फ्रीडरिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनीं रूढ केली. १८८५ सालीं त्यांचे शिष्य विली मायर यांनीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. हेतु साधा होता : आंतडीं छातीकडे सरकावीं आणि हाताला जागा मिळावी. पहिल्या महायुद्धांत वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं रक्तदाब घसरलेल्या सैनिकांसाठींहि तीच ठेवण सुचविली. पुढें त्यांचेंच मत पालटलें. रुग्णालयांतील संवय मात्र पालटली नाहीं!

शिरांच्या बाबतींत या ठेवणीचें मर्म निराळेंच आहे. पाण्यानें भरलेली पखाल जिकडे कलते तिकडे फुगते, तशीच पातळ भिंतीची शीर. भूल दिलेल्या रुग्णाच्या मानेंतील मोठ्या शिरेंत नळी घालतांना डोकें थोडें खालीं करतात, म्हणजे शीर फुगून सुईला सांपडते आणि बाहेरची हवा आंत ओढली जात नाहीं. मेंदूच्या कांहीं शस्त्रक्रिया रुग्णास बसवून होतात. तेथें हृदयाहून उंच असलेली शीर उघडी पडली, तर हवा हृदयांत शिरून प्राणावर बेतते. उलट डोकें फार खालीं नेलें, तर मेंदूवरील दाब वाढतो. ध्वनिलहरींच्या यंत्रानें शिरा पाहतां येऊं लागल्यावर तर असेंहि आढळलें, कीं सर्वांची शीर सारखी फुगत नाहीं. मेज कलविलें तरी कित्येकांत फरक नांवालाच पडतो.