८९६ एमबीची कुळकथा

जालन्याच्या मोंढ्यात एखाद्या आडतीवर हिशेबाला जुना ३२ बिटचा कॉम्प्युटर असतो. अजून दोन-चार हंगाम निघावेत म्हणून कुणी त्यात लिनक्स टाकतं, वर १ जीबी रॅमही बसवतं. दिसते मात्र ८९६ एमबीच्या आतच. अशा वेळी रॅम खराब नसते, दुकानदारानेही फसवलेलं नसतं. ही मर्यादा लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नेलच्या, बांधणीतली आहे.

तिचं मूळ १९८५ सालच्या इंटेल ३८६ प्रोसेसरपर्यंत जातं. त्याच्या ३२ बिटच्या पत्त्यांत ४ जीबी मावते. एक-दोन एमबी रॅम म्हणजे चंगळ, अशा काळात ही सोय अफाट होती. १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स लिहायला घेतलं तेही ३८६वरच. पुढे त्या ४ जीबी पत्त्यांची वाटणी झाली: ३ जीबी प्रोग्रामांना, १ जीबी कर्नेलला. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या रानात पेरता येत नाही, तसंच आपल्या वाट्यात पत्ता नसलेल्या रॅमला कर्नेल थेट हात लावू शकत नाही. त्या १ जीबीतले १२८ एमबी पत्ते इतर कामांसाठी राखले आणि उरले ८९६.

रॅम स्वस्त झाली तशी ही वाटणी काचू लागली. त्यावर ‘हायमेम’ हा तोडगा निघाला. जानेवारी २००१च्या २.४ आवृत्तीत तो सर्वांच्या हाती आला. कर्नेल बांधतानाच ठरवायचं: हायमेम बंद, ४ जीबीपर्यंत, की ६४ जीबीपर्यंत. हा तिसरा पर्याय १९९५च्या पेंटियम प्रोने आणलेल्या ३६ बिट पत्त्यांवर उभा होता. ८९६ एमबीच्या वरची रॅम मात्र दरवेळी तात्पुरती जोडून घ्यावी लागते, त्यात वेळ जातो. म्हणून लहान मशीनसाठी हायमेम बंद ठेवलेली कर्नेलंही बांधली गेली. मला ही तडजोड रास्तच वाटते. ६४ एमबीवाल्याने दुसऱ्याच्या रॅमचा भार का वाहावा?

२००३ मध्ये एएमडीच्या ऑप्टेरॉनने ६४ बिटची वाट खुली केली आणि हा पेच मागे पडला. २०२५च्या ६.१५ आवृत्तीतून तर ६४ जीबीचा पर्यायच काढून टाकला.

तेव्हा जुनं मशीन भंगारात घालण्याआधी ते सुरू होतानाचे संदेश वाचा. फक्त ८९६ एमबी वापरली जाईल, हायमेमचं कर्नेल घ्या, असं कर्नेल स्वतःच सांगतं. बूटच्या ओळीत कुणी ‘मेम=’ लिहून मर्यादा घातली आहे का, तेही बघा. कर्नेल बदललं की तीच रॅम पूर्ण दिसते.