तारेवरची लाट

पनवेलकराने मान वर केली की आकाशाआधी तारा दिसतात. कळंबोलीचं उपकेंद्र, तिथे चहूबाजूंनी येणारे मनोरे... आमच्या आत्याने एकदा विचारलं, "अरे, एवढ्या लांब तारेत बिघाड नेमका कुठे झालाय हे यांना कळतं कसं?" उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

आपल्याकडे ही गोष्ट शंभरावर वर्षं जुनी आहे. फेब्रुवारी १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली उतरवायचं आणि वीज सुमारे ७० किलोमीटरवर परळला न्यायची, तीही लाखभर व्होल्टवर! त्या काळात बिघाड शोधायचा म्हणजे तारेखालून पायी चालायचं. कोकणातला पाऊस, चिखल, रान आणि नजर वर. चिनी मातीचा एखादा इन्सुलेटर तडकलेला दिसेपर्यंत चालत राहायचं.

मजा म्हणजे निम्मं उत्तर तोवर तयार होतं. ऑलिव्हर हेविसाइड हा इंग्लंडमधला तारखात्यातला माणूस. १८७४ मध्ये नोकरी सोडून घरी बसला आणि तारेतला संदेश लाटेसारखा कसा धावतो याचं गणित मांडत राहिला. तारेत बिघाड झाला की तिथूनही अशीच लाट उठते. तळ्यात दगड टाकल्यासारखी, फक्त इथे ती दोनच दिशांना जाते, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर.

गणितापुरती चंद्रपूर-पडघे ही ७५२ किलोमीटरची वाहिनी घेऊ. पडघ्यापासून २०० किलोमीटरवर बिघाड झाला, तर लाट पडघ्याला ६६७ मायक्रोसेकंदांत पोचेल आणि चंद्रपूरला १,८४० मध्ये. बिघाड कितीला झाला हे ठाऊक असायची गरजच नाही! फरक ११७३ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे ३५२ किलोमीटर. ७५२ मधून ३५२ वजा, राहिले ४००, त्याचे निम्मे २००. चौथीतलं गणित!

मग अडलं कुठे? घड्याळापाशी. दोन टोकांच्या घड्याळांत एका मायक्रोसेकंदाचा फरक पडला तर उत्तर १५० मीटरने चुकतं. शेकडो किलोमीटर दूरची दोन घड्याळं इतकी जुळवणार कशी? १९९० च्या सुमारास जीपीएसचे उपग्रह मदतीला आले आणि लाट मोजणं सोपं झालं. तोवर मुख्य भिस्त होती तारेचा विरोध मोजून अंतर काढण्यावर. ती पद्धत आजही सर्रास वापरतात, पण झाडाची फांदी टेकली की फांदीचाही विरोध मोजमापात मिसळतो आणि उत्तर काही किलोमीटर इकडेतिकडे होऊ शकतं.

"काही किलोमीटरने काय बिघडतं?" असं वाटेल. वीज कोसळून झालेला बिघाड पुष्कळदा क्षणात निवळतो आणि पुरवठा परत सुरू होतो. खाली कुणाला काही दिसत नाही, पण भाजलेला इन्सुलेटर तिथेच लटकत राहतो, पुढच्या वेळेची वाट बघत. तो आधीच गाठायचा तर नेमका मनोरा कळायला हवा. आणि पुढची वेळ कशी असते? १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवा. एक वाहिनी दुरुस्तीसाठी बंद, भार दुसरीवर, तीही पडली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात. लोकल होत्या तिथे थांबल्या.

हेविसाइड आयुष्यभर तुटपुंज्या पैशांत जगला. लाईनमनचं नाव तर आपल्याला कधीच कळत नाही. वीज गेल्यावर शिव्या मात्र त्यालाच. लाटेच्या गणिताने त्याची कित्येक किलोमीटरची पायपीट वाचते, पण मनोऱ्यावर चढायला भर पावसात अजून तोच जातो. आत्या, पुढच्या वेळी वीज गेली की फोनवर ओरडण्याआधी हे एवढं आठव.