औद्योगिक शिक्षणास लाभलेला धनाश्रय

सन १८५३ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांनी मुंबईत कलाशिक्षणाची शाळा काढण्यासाठी एक लक्ष रुपये देऊ केले. त्या काळी एक लक्ष रुपये म्हणजे किती, हे सुज्ञ वाचकांस सांगणे न लगे. त्या शाळेचे नाव आज चित्रकार व शिल्पकार यांच्या परंपरेशी जोडले जाते. परंतु देणगी देणाऱ्याचा हेतू केवळ चित्रे काढून घेण्याचा नव्हता. या देशातील कला व कारागिरी सुधारावी, हातकाम करून पोट भरणाऱ्या वर्गास नवी विद्या मिळावी, लाकूड, धातू व माती यांच्या कामास शास्त्राचा आधार मिळावा, हा त्यात मोठा भाग होता. २ मार्च १८५७ रोजी एल्फिन्स्टन संस्थेत वर्ग भरू लागले. पुढे तेथील विद्यार्थ्यांनी कोरलेली पाने, फुले व पशुपक्षी बोरीबंदरच्या भव्य स्थानकावर विराजमान झाले. आपल्या सुतार-लोहार ज्ञातीच्या दृष्टीने पाहता, व्यापारात मिळविलेला पैसा हुन्नराच्या शिक्षणाकडे वळल्याचे हे मुंबई इलाख्यातील पहिले मोठे उदाहरण होय. आम्ही या लेखात ज्या गोष्टीचा माग काढू इच्छितो, तिचा आरंभ येथून करणे म्हणूनच योग्य.

ती गोष्ट अशी की, धनवंतांनी व कारखानदारांनी यंत्रविद्येसाठी दिलेला पैसा ज्यांच्या नावे दिला गेला, त्यांच्या मुलांपर्यंत पोहोचला काय? आणि कोठे पोहोचला असेल, तर कोणत्या कारणाने?

सन १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. लॉर्ड रिपन यांच्या स्मारकासाठी जमलेला निधी आणि सर दिनशा माणेकजी पेटिट यांचे औदार्य हे तिचे दोन आधार. पेटिट हे गिरणीमालक. मुंबईत कापडाच्या गिरण्या वाढत होत्या आणि त्या चालविणारे जाणकार विलायतेहून मोठ्या पगारावर आणावे लागत होते. येथल्याच मुलांस वाफेचे यंत्र, कताई व विणाई शिकविली तर गिरणीचाही लाभ होता व देशाचाही. या हिशेबात आम्हांस काही गैर दिसत नाही. भायखळ्याची ही संस्था १९२३ मध्ये माटुंग्यास गेली, १९९७ मध्ये तिला वीरमाता जिजाबाईंचे नाव मिळाले आणि आज तिची कीर्ती सर्वश्रुत आहे. परंतु तेथे शिकविण्याची भाषा इंग्रजी. ज्या घरी पिढ्यानपिढ्या रंधा व वाकस चालत आला, त्या घरचे पोर इंग्रजी शाळेच्या पायरीशीही पोहोचलेले नव्हते. यंत्रे आली, इमारत उभी राहिली, शिक्षक आले; दार मात्र इंग्रजी जाणणाऱ्यासच उघडत होते. हाताने काम करण्याची ज्यांस घरची सवय नव्हती असे पुष्कळ तरुण त्या दाराने आत गेले व पुढे अधिकारी झाले. त्यांचा आम्हांस मत्सर नाही. आमचा प्रश्न इतकाच की, बाहेर राहिलेल्याचे काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न ज्याने केला, तो पुरुष आपल्याच व्यवसायबंधूंपैकी होता, ही गोष्ट आपल्यातील फार थोड्यांस ठाऊक असेल. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुरतेच्या वैश्य सुथार कुळातले. त्यांचा जन्म १८६३ सालचा. रसायनशास्त्रात एम. ए. होऊन ते बडोदे महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० मध्ये त्यांनी कलाभवनाची स्थापना केली. चित्रकला, स्थापत्य, यंत्रकाम, विणाई, रंगाई हे विषय तेथे शिकविले जात आणि ते गुजराती भाषेतून. गज्जरांच्या कार्याचे मर्म आमच्या मते यातच आहे. जो मुलगा ज्या भाषेत आपल्या बापाकडून सांधा जुळवायला शिकला, त्याच भाषेत त्यास दाब, उष्णता व रसायन समजावून द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. आणि त्यासाठी देशी भाषेत तांत्रिक ग्रंथ करवून घेण्याचा उद्योगही त्यांनी आरंभिला. चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे जमशेटजींच्या कलाशाळेत शिकले आणि नंतर कलाभवनातही. गज्जर १८९६ मध्ये बडोदे सोडून मुंबईस आले. मुंबईतील राणीच्या पुतळ्यास कोणी डांबर फासले व ते कोणासही निघेना, तेव्हा ते काढून दाखविणारे रसायनतज्ज्ञ हेच. ही कथा प्रसिद्ध आहे, पण त्यांचे खरे स्मारक पुतळ्याचा धुतलेला संगमरवर नसून कलाभवन होय. सन १९४९ पासून त्याची परंपरा बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चालू आहे. मात्र कलाभवनातही कारागिरांच्या मुलांचा भरणा अपेक्षेइतका झाला नाही. भाषेची अडचण दूर झाली, पण पोटाची राहिली. बारा-चौदा वर्षांचा मुलगा बापाच्या हाताखाली चार पैसे मिळवितो. तो तीन वर्षे शाळेत बसला तर घरच्या चुलीने काय करावे?

याच सुमारास, १८९२ मध्ये, जमशेटजी टाटा यांनी विलायतेत उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्यांस कर्जाऊ छात्रवृत्ती देणारा निधी उभारला. घेतलेली रक्कम फेडावयाची व ती पुढच्या विद्यार्थ्यास मिळावयाची, ही पद्धत त्यात होती. पैसा इमारतीस न देता माणसास देण्याची ही रीत विचारात घेण्याजोगी आहे. तथापि तिचा लाभ शिक्षणाची बरीच मजल अगोदरच मारलेल्यासच होणारा होता.

भाषा व पोट या दोन्ही अडचणींचा एकदम निकाल लागला तो शाळेत नव्हे, कारखान्यात. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा. ते चित्रकला शिकण्यास मुंबईस आले, पण रंगांधळेपणामुळे ती सोडावी लागली व यांत्रिक रेखाचित्रणाकडे वळून ते वर सांगितलेल्या व्हिक्टोरिया जुबिली संस्थेतच शिक्षक झाले. बढती हक्काची असता ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावास बंधूंच्या सायकलीच्या धंद्यात शिरले. पुढे लोखंडी नांगर केले. आरंभी शेतकरी ते घेईनात. बेळगावची जागा हातची गेल्यावर औंधच्या पंतप्रतिनिधींनी जमीन व पैसा देऊन आधार दिला आणि १९१० मध्ये कुंडलच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. तेथे आसपासच्या खेड्यांतील मुले यंत्रावर काम करीत करीत शिकली, मराठीत शिकली आणि शिकता शिकता मजुरी घेऊन घरी गेली. शिक्षा भोगून आलेल्यांसही लक्ष्मणरावांनी कामावर ठेवले, अस्पृश्यतेस थारा दिला नाही. किर्लोस्करवाडीस कोणी शाळा म्हणत नाही, परंतु गरिबाच्या मुलास यंत्रविद्या देण्याचे कार्य तिने अनेक शाळांहून अधिक केले, असे आमचे मत आहे. किर्लोस्करांच्या मालाचे विक्रेते म्हणून गावोगाव फिरलेले भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली व पुढे ‘कमवा आणि शिका’ ही योजना रूढ केली, हा संबंध केवळ योगायोगाचा मानावयास आमचे मन घेत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळाविषयी थोडक्यात लिहितो, कारण तो आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली व तीतून आय. टी. आय. नावाने परिचित असलेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या. १९६१ च्या कायद्याने कारखानदारांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे व त्यांस विद्यावेतन देण्याचे बंधन आले. किर्लोस्करवाडीत जे एका माणसाच्या वृत्तीवर अवलंबून होते, ते येणेप्रमाणे कायद्यात उतरले. सुतारकाम, वेल्डिंग यांसारख्या व्यवसायांस आठवी उत्तीर्ण मुलासही प्रवेश मिळू लागला.

त्यापुढचे एक कार्य मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे डॉक्टर, हिंदुस्थान लिव्हर कंपनीच्या संशोधन विभागातील वरिष्ठ शास्त्रज्ञ. ती नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणप्रवण गावी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास झालेली, शाळा सोडलेली मुले घ्यावयाची आणि त्यांस वर्षभर लोखंडकाम, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया ही कामे प्रत्यक्ष करावयास लावून त्यांतून विज्ञान शिकवावयाचे, ही त्यांची पद्धत. मुलांनी केलेली वस्तू गावात विकली गेली पाहिजे, म्हणजे काम खरे आहे की खोटे हे गिऱ्हाईकच ठरविते. हाच अभ्यासक्रम पुढे माध्यमिक शाळांत आठवी ते दहावीच्या मुलांसाठी गेला आणि त्याच्या प्रसारास सेवाभावी संस्था व कंपन्या यांचे साहाय्य लाभले. शिकविण्यासाठी गावातीलच हुन्नर जाणणारे निदेशक घेण्याची रीत त्यात आहे. म्हणजे आपला गावचा सुतार वा लोहार, ज्यास शाळेने कधी आत घेतले नाही, तो शाळेत शिक्षक म्हणून उभा राहू शकतो. २००२ मध्ये अमेरिकेतील प्रख्यात एम. आय. टी. संस्थेच्या सहकार्याने, संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा पाबळ येथे आली. त्या संस्थेबाहेर जगात ज्या पहिल्या अशा कार्यशाळा निघाल्या, त्यांत ही एक. डॉ. कलबाग २००३ मध्ये निवर्तले. आश्रम चालू आहे.

मुलींच्या बाबतीत पुण्यात १९९१ साली महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने कमिन्स कंपनीच्या साहाय्याने स्त्रियांसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले, हेही नमूद केले पाहिजे. आपल्या ज्ञातीतील कित्येक घरी मुलीस हत्यार हाती घेऊ न देण्याची रूढी अद्याप आहे. त्या घरच्यांनी एकदा ते महाविद्यालय पाहून यावे.

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ ने देणगीचे स्वरूपच पालटले. ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा नक्त मूल्य ५०० कोटी रुपये वा अधिक, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यास लावावी, असे बंधन १ एप्रिल २०१४ पासून आले. शिक्षण व व्यवसायकौशल्य हे विषय त्या कार्यांच्या यादीत आहेत. औदार्य होते ते कर्तव्य झाले. पण कायदा असेही म्हणतो की, कंपनीने आपल्या कामाच्या परिसरास प्राधान्य द्यावे. कारखाने चाकण, तळोजे, वाळूज येथे. आपली घरे मात्र कारखान्यांपासून दूरच्या तालुक्यांतही पसरलेली. शिवाय संगणककक्ष उभारून त्याचे छायाचित्र अहवालात देणे सोपे. एका मुलाचे वसतिगृह, एस. टी. चा पास व दोन वेळचे जेवण वर्षभर चालविणे कठीण, आणि त्याचे छायाचित्र निघत नाही. पेटिटांच्या काळी जी उणीव होती तीच आज नव्या कपड्यांत आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

ती उणीव भरून काढणे ज्ञातिसंस्थांस शक्य आहे, कारण कोणत्या घरी कोणता मुलगा काय सोडून बसला आहे हे त्यांस ठाऊक असते. असे असता आपल्या गुणगौरव समारंभाच्या पत्रिका काढून पाहाव्यात. दहावी, बारावी, पदवी, क्वचित परदेशी पदव्युत्तर शिक्षण यांची नावे ओळीने येतात. आय. टी. आय. उत्तीर्ण झालेल्या सुताराच्या, लोहाराच्या मुलाचे नाव त्यांत नसते. सुतारांच्या सभेत सुतारकाम शिकून आलेल्यास शाल नाही, ही गोष्ट आम्हांस खटकते. विद्यार्थी साहाय्य निधीचे नियमही पदवी अभ्यासक्रमाच्या शुल्कापुरतेच आहेत. त्यांत औद्योगिक प्रशिक्षणार्थी व शिकाऊ उमेदवार यांचा समावेश व्हावा, त्यांस भोजन, प्रवास व हत्यारांची पेटी यांसाठी रक्कम मिळावी आणि ती नोकरी लागल्यावर बिनव्याजी परत घेऊन पुढच्यास द्यावी, अशी लेखी सूचना आम्ही कार्यकारी मंडळाकडे दिली असून ती येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येईल.